साहेबांच्या टेबलासमोर

श्रोतेहो, सलाम.

लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, एक विधवा आहे. गावचा न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला मोजत नाही. ही सारखी त्याच्या दारात: माझा न्याय करा. शेवटी तो वैतागून न्याय देतो. ती विधवा कोल्हापूरची असती तर कशी बोलली असती, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आमच्या नात्यातली एक मावशी. नवरा गेला आणि पेन्शनची फाइल अडकली. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही. पन्हाळ्याकडनं एसटीनं यायची, पिशवीत चटणी-भाकरी आणि कागदांच्या झेरॉक्स. इतके हेलपाटे झाले होते की साहेबांच्या घरची सगळी खबर तिला पाठ. एकदा मी सोबत होतो. साहेब म्हणाले, "उद्या या." मावशी हलली नाही. तिथंच बाकावर पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू: "प्रभू, ह्या सायबांचं बीपी वाढलंय, त्यास्नी रातीला झोप लागू दे. त्यांच्या पोरीचं लगीन जमू दे. आन् आज त्यांच्या हाताला माझी फाइल घावू दे. आमेन."

सगळी कचेरी थांबली. कॉम्प्युटरवरचा पोरगा खुदकन हसला. रांगेतला एकजण म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय." मी मान खाली घालून चपलेचा अंगठा न्याहाळत बसलो. साहेब कासावीस: "अहो मावशी, जरा हळू बोला की." मावशीनं एकच डोळा उघडला. "तुमच्यासंगं न्हाई बोलाय लागलोय मी." डोळा परत बंद.

फाइल त्या दिवशी निघाली नाही. बरं का, निघाली नाही. पुढच्या सोमवारी परत बाक, परत पदर, परत साहेबांचं बीपी. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तेव्हा सही झाली. लोक म्हणाले, साहेब कंटाळले म्हणून केली. मावशी म्हणाली, "कटाळू देत की. देव कटाळला न्हाई न्हवं?"

येशूचंही म्हणणं तेच: असला न्यायाधीशसुद्धा ऐकतो, मग देव का नाही ऐकणार? यरीहोच्या वाटेवर आंधळ्या बार्तीमयाला लोकांनी दटावलं, गप्प बस. तो आणखीच ओरडला, आणि येशू थांबला. लोकांना दिसावी म्हणून चव्हाट्यावर केलेली प्रार्थना येशूला नको होती, हे खरंच. पण आपल्यातल्या बहुतेकांचं दुखणं उलटं आहे. हॉटेलात ताट समोर आलं की आपण डोळे मिटायलाही लाजतो. आणि व्हॉट्सॲपवर जोडलेले हात पाठवले की प्रार्थना झाली, असं समजणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

आपल्याच कोल्हापुरात १८६३ साली जन्मलेला रॉबर्ट वाइल्डर पुढं अमेरिकेत बहीण ग्रेससोबत कॉलेजच्या मुलांसाठी नेमानं प्रार्थना करायचा. त्या प्रार्थनेला फळ आलं: १८८६ साली तो गेलेल्या एका उन्हाळी शिबिरात १०० तरुणांनी मिशनसेवेला नावं दिली. वाइल्डर मेमोरियल चर्चवरून रोज गाड्या पळवणाऱ्या आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही!

साहेबांची पुढं गगनबावड्याला बदली झाली. मावशीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव अजून आहे. बीपी आहेच, आता वर घाटातला पाऊसही मागं लागलाय.