शिस्त लावा, पण अबोला धरू नका

श्रोतेहो, नमस्कार.

मूल कसं वाढवावं, याची उत्तरं समाजागणिक वेगळी. १९६०च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी पालकांच्या तीन तऱ्हा सांगितल्या: माया आणि शिस्त दोन्ही देणारे, नुसता हुकूम सोडणारे आणि सगळंच मोकळं सोडणारे. पहिली तऱ्हा उत्तम ठरली. पण पाहणी बहुतांशी गोऱ्या, मध्यमवर्गीय कुटुंबांची होती आणि मोजपट्टी मात्र सगळ्यांनाच लागली. १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ रूथ चाओ यांनी याकडे लक्ष वेधलं. चिनी वंशाचे पालक या मोजमापात हुकूमशहा ठरत होते. त्यांच्या कडकपणातली जवळीक आणि मुलासाठी उपसलेले कष्ट त्यात मोजलेच जात नव्हते.

मग जिथली जी रीत, ती तिथे बरोबर? तसंही नाही. २००५ मध्ये चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मारणं जिथे सर्रास मानलं जातं, तिथे माराचा आक्रमकपणाशी आणि चिंतेशी असलेला संबंध सौम्य होता, पण होताच. (दांडग्या मुलाला मारही जास्त बसतो, हे अशा अभ्यासात विसरून चालत नाही.)

माराइतकीच काळजी मला अबोल्याची वाटते. किती वाजता घरी यायचं, कोणाबरोबर जायचं, हे ठरवून दिलं की मुलाला हद्द कळते. दोन दिवस न बोलणं, ‘तुझ्यामुळे माझी तब्येत बिघडली’ म्हणणं, ही मनावरची पकड. त्यातून मुलाला वाटतं, आपण चुकलो की माया आटते. अशा मुलांमध्ये उदासी आणि चिंता जास्त आढळते, आणि हे अनेक देशांत दिसलं आहे.

आता रोजचं. लांबून पाच हाका मारून सहाव्या हाकेला आवाज चढवला, की मूल शिकतं, पहिल्या पाच हाकांना उठायचं नसतं. त्याने आकांत केला आणि आपण नमलो, की आकांत थांबतो, आपणही सुटतो. म्हणून पुढच्या वेळी दोघंही तेच करतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी हे चक्र नेमकं मांडलं.

ते तोडायला जवळ जा, खाली वाका आणि एकच गोष्ट सांगा: ‘ठोकळे डब्यात भर.’ ‘नीट वाग’ यातून लहान मुलाला काय करायचं ते कळत नाही. पाचेक सेकंद गप्प थांबा. भरले, तर लगेच म्हणा, ‘सांगितल्याबरोबर ठोकळे भरलेस, छान.’ नाही भरले, तर एकदाच पुन्हा सांगा, तेव्हाच परिणामही सांगा आणि मग तो पाळा: ठोकळे थोडा वेळ बाजूला.

सुरुवातीला आकांत वाढू शकतो, कारण इतके दिवस लागू पडलेली युक्ती मूल आणखी जोराने वापरून बघतं. नेमकं इथेच नमलात, तर त्याला कळतं, अजून मोठ्याने रडायला हवं. ठोकळे परत दिले की तो विषय संपवा आणि त्याच्याशी नेहमीसारखं बोला.