अजून वाद्यंच जुळवतायत का?

नमस्कार मंडळी. रेडिओ बिघडलेला नाहीये, बटणं फिरवू नका. आत्ता दीड-दोन मिनिटं जे ऐकू येत होतं ना, दोन ड्रम आपापसात कुजबुजतायत, इलेक्ट्रिक पियानो मधूनच चिमटा काढून जातोय आणि खालून कोणीतरी जाड घशाने पुटपुटतंय, ती एका रेकॉर्डची सुरुवात होती. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'बिचेस ब्रू'. नाव सकाळच्या कार्यक्रमात घेण्यासारखं नाही, पण आता आहे ते आहे. मी पहिल्यांदा घरी लावली तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, हे अजून वाद्यंच जुळवतायत का?" आणि मी गप्प, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. दहाव्या मिनिटाला बंद केली. परत लावायला वर्ष गेलं.

आता जरा 1969 च्या ऑगस्टमध्ये चला. वुडस्टॉकचा तो चिखलातला रॉक संगीताचा महाउत्सव सोमवारी, 18 तारखेला सकाळी जिमी हेंड्रिक्सच्या गिटारवर संपला, आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या स्टुडिओत माइल्स आपली माणसं घेऊन बसला. वय 43. दहा वर्षांपूर्वी 'काइंड ऑफ ब्लू' करून झालेली, म्हणजे तीच मऊ, रात्री उशिरा ऐकायची रेकॉर्ड अजून चार वेळा केली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण बायको बेटी तरुण, तिच्यामुळे हेंड्रिक्स आणि फंकवाला स्लाय स्टोन घरात वाजायला लागलेले, आणि ह्या गड्याचा स्वभाव मुळात मागे वळून न बघण्याचा.

तीन दिवस, 19 ते 21 ऑगस्ट. पियानोवर चिक कोरिया, जो झाविनुल आणि लॅरी यंग, दोन बेस, दोन ड्रमर, त्यातला लेनी व्हाइट अवघा 19 वर्षांचा, वर काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ड्रम, सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर, आणि तो जाड घसा म्हणजे बेनी मॉपिनचं बेस क्लॅरिनेट. सगळे अर्धवर्तुळात, मध्ये माइल्स. कागदावर फारसं काही नाही, चालीचा एखादा तुकडा, बेसची एखादी ओळ, लय किती ती. बोटाने खूण केली की तू ये, हात केला की थांब. टेप मात्र सतत फिरती ठेवायची.

दुसऱ्या दिवशीची एक गंमत सांगतो. 'माइल्स रन्स द व्हूडू डाउन' वाजवायचं होतं आणि ठेका काही केल्या बसेना. डॉन अलायस तिथे काँगा वाजवायला आलेला, त्याला न्यू ऑर्लिन्सचा एक मिरवणुकीतला ठेका येत होता, तो सरळ ड्रमवर जाऊन बसला आणि वाजवायला लागला. माइल्सने त्याला तिथून उठूच दिलं नाही. रेकॉर्डवर तोच ठेका आहे, आळशी आणि लडखडता, पण जागेवरून हलत नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतरची, आणि मला ही रेकॉर्ड कळली ती ह्या गोष्टीमुळे. निर्माता टिओ मासेरो ते टेपचे गठ्ठे घेऊन बसला आणि ब्लेडने कापायला लागला. जॅझमध्ये लोक शपथेवर सांगायचे, एकदा वाजवलं ते वाजवलं. इथे ह्यांनी वाजवलेलं कापलं, पुढचं मागे नेलं, चिकटवलं. आपण सुरुवातीला ऐकलं ते 'फेरोज डान्स' वीस मिनिटांचं आहे, त्यात दीडएक डझन जोड आहेत, आठ मिनिटं पन्नासच्या पुढे तर सेकंदभराचा एक तुकडा लागोपाठ वाजतो, सुई अडकल्यासारखा. तो बिघाड नाही, मुद्दाम केलंय! आणि मूळ चाल नीट ऐकू येते ती कुठे, तर सोळा मिनिटं उलटून गेल्यावर. म्हणजे आई तशी बरोबरच होती म्हणायची.

मग ऐकायचं कसं? माझा एक जुगाड आहे, जॅझवाले हसतील, हसू देत. तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवर लेहरा असतो ना, तीच ओळ फिरून फिरून, आणि आपण लेहऱ्याला धरून तबला ऐकतो. इथेही तसंच करा, 27 मिनिटांच्या शीर्षकाच्या तुकड्यात बेसची ओळ पकडा आणि सोडू नका. वर ट्रम्पेट येईल, टिओने त्यावर चढवलेला प्रतिध्वनी येईल, जणू माइल्स एखाद्या रिकाम्या देवळात वाजवतोय, ते सगळं येऊ दे जाऊ दे. फक्त समेची वाट बघू नका, सम येतच नाही. तरी तो तुकडा पाच-सात मिनिटं जास्तच आहे असं माझं मत, आणि 'स्पॅनिश की' त्याच्यापेक्षा सरस, पण ह्यावरून मी मित्रांशी भांडलोय.

1970 च्या मार्चमध्ये रेकॉर्ड आली. जुने जॅझप्रेमी चिडले, विकला गेला म्हणाले. रॉकवाली पोरं मात्र तुटून पडली, एप्रिलमध्ये माइल्स सॅन फ्रान्सिस्कोत फिलमोर वेस्ट ह्या रॉकच्या अड्ड्यावर ग्रेटफुल डेड ह्या रॉक बँडच्या कार्यक्रमात वाजवत होता. पुढे त्याच खोलीतल्या माणसांतून वेदर रिपोर्ट, रिटर्न टू फॉरएव्हर असे बँड निघाले. गिटारवाला जॉन मॅकलॉफलिन, ज्याच्या नावाचा चार मिनिटांचा तुकडाच ह्यात आहे (आणि त्यात माइल्स वाजवतच नाही!), तो आधी महाविष्णू ऑर्केस्ट्रा आणि मग आपल्या माहीमच्या तबलावाल्या झाकीरभाईंबरोबर 'शक्ती' नावाचा बँड करून बसला.

बरं, घड्याळ मला खुणावतंय. शेवटी 'सँक्च्युअरी' लावतो, शॉर्टरची चाल आहे, सुरुवात अगदी हळू. दोन वेगवेगळी टेक एकमेकांना जोडलीयत, साधारण पाचव्या मिनिटाच्या पुढेमागे. जोड कुठे आहे ते कान लावून पकडा, मी मध्ये बोलत नाही.