बिनविरोध आणि सर्वसहमती

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रामपंचायतीचा निकाल लागला की गावात गुलाल उधळला जातो आणि त्याच संध्याकाळी काही घरे एकमेकांशी बोलायची थांबतात. मी ज्या गावात वाढलो तिथे एका निवडणुकीला दोन सख्खे चुलतभाऊ वेगवेगळ्या पॅनलमधून उभे राहिले. त्यानंतरची पाच वर्षे सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीसाठीसुद्धा ते तिसऱ्या माणसाकरवी निरोप धाडत होते. आमदार-खासदार निवडून आले की मुंबई-दिल्लीला जातात. सरपंच आणि त्याच्याकडून हरलेला उमेदवार मात्र एकाच गल्लीत राहतात, एकाच सोसायटीतून पीककर्ज उचलतात. म्हणून गावातली फूट हा मला आपल्या लोकशाहीचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न वाटतो.

यावर आपल्याकडे नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे बिनविरोध निवडणूक. निवडणूक बिनविरोध करणाऱ्या गावाला निधी देण्याच्या घोषणा होतात, कौतुकाचे फलक लागतात. पण अर्ज मागे घ्यायला लावणारी ती बैठक कुणाच्या ओसरीवर झाली, तिथे कोण बसले होते आणि कोणाला बोलावणेच नव्हते, हे कोणी विचारत नाही. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले होते. बिनविरोध म्हणजे सर्वसहमती नव्हे. बिनविरोधमध्ये विरोध आधीच गप्प केला जातो. सर्वसहमतीत तो शेवटपर्यंत ऐकला जातो.

दुसरा उपाय सरपंच निवडण्याची पद्धत बदलण्याचा. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच आला, २०२० मध्ये ती तरतूद रद्द होऊन निवड पुन्हा सदस्यांकडे गेली आणि २०२२ मध्ये थेट निवड परत आली. थेट निवडीमुळे सदस्यांची पळवापळवी कमी झाली, हे खरे. पण सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचे असले की गटाराच्या कामापासून दिवाबत्तीपर्यंत प्रत्येक विषय अडतो. निवड कशी करायची यावर आपण पाच वर्षांत तीनदा कायदा फिरवला. निवडीनंतर निर्णय कसे व्हावेत, याचा विचार तेवढ्या हिरिरीने झाला नाही.

तो विचार गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या सुमारे पाचशे वस्तीच्या गोंड आदिवासी गावाने केला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा अनेकांना ठाऊक आहे. तिच्यामागची रीत कमी लोकांना ठाऊक आहे. तिथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाहीत. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो, आणि मधल्या काळात अभ्यासगट बसतो. या गटात निर्णय घ्यायचा नसतो, फक्त माहिती मिळवायची आणि चर्चा करायची असते. बाहेरचा जाणकारही तिथे येऊन बसू शकतो. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत वर्षानुवर्षे ही सवय मुरवली. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा साऱ्या गावाचा हक्क, मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एवढा पैशाचा व्यवहार हाती येऊनही गाव फुटले नाही, याचे कारण मला त्या संथ सभांमध्ये दिसते.

मेंढा लहान आहे, बहुतांशी एका समाजाचे आहे. अठरापगड जातींच्या गावात हे कसे जमणार, हा आक्षेप रास्त आहे. जिथे एका भावकीच्या हाती जमीन, पाणी आणि पतसंस्था आहे तिथे सर्वांची ‘सहमती’ म्हणजे पुष्कळदा दुबळ्यांची भीती असते. म्हणून गुप्त मतदान आणि राखीव जागा हव्यातच. आणि मतदानाने फूटच पडते असेही नाही. दारूबंदीसाठी ‘उभी बाटली’ (दुकान चालू) की ‘आडवी बाटली’ (दुकान बंद) हे मतदान ज्यांनी जवळून पाहिले त्यांना आठवत असेल, की दोन्ही पॅनलच्या घरांतल्या बायका एकाच रांगेत उभ्या असतात. तिथे चिठ्ठीवर उमेदवार नसतो, एक प्रश्न असतो, आणि गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारल्याशिवाय दुकान बंद होत नाही.

आपल्या बहुतेक गावांत ग्रामसभेची अवस्था मात्र वेगळी आहे. पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितका कोरम, म्हणजे किमान उपस्थिती, लागतो. तो भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मी अशा एका सभेला बसलो आहे: शाळेच्या वर्गात सतरा माणसे, त्यांत दोन स्त्रिया, आणि चाळीस मिनिटांत अकरा ठराव. सभेच्या नोंदींचे प्रोसिडिंगचे पुस्तक नंतर दोन दिवस सह्यांसाठी दारोदार फिरत होते. ही तहकूब सभेची सवलत काढून टाकावी, आणि निधीच्या ठरावांना तरी ती अजिबात लागू नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून मोठी सुधारणा सभेच्या आकाराची आहे. आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २०१४ च्या राज्याच्या नियमांनी अनुसूचित, म्हणजे सरकारने आदिवासी भाग म्हणून जाहीर केलेल्या, क्षेत्रातील पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागण्याची वाट दिली. आमच्या गावची ठाकरवाडी त्या क्षेत्रात येत नाही. गावठाणापासून ती तीन किलोमीटर चढावर आहे, सभा सकाळी अकराला असते, आणि त्या वेळी वाडीतली माणसे मजुरीला गेलेली असतात. गेल्या उन्हाळ्यात वाडीने रात्री जेवणानंतर समाजमंदिराच्या पायरीवर आपली सभा घेतली. घरटी एकजण तरी आला होता, आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीची जागा ठरवायला त्यांना तीन रात्री लागल्या. त्यांचा ठराव घेऊन दोघेजण पंचायतीत गेले, तेव्हा अशा सभेच्या ठरावाची नोंद करायला पुस्तकात रकाना नाही, असे त्यांना सांगण्यात आले. तो रकाना कायद्याने तयार व्हावा, एवढीच आज माझी मागणी आहे.

नमस्कार.