खडकात रोवलेली खूण

नमस्कार, श्रोतेहो. क्रिटेशस कल्प, म्हणजे डायनासोरांचा शेवटचा भूवैज्ञानिक काळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला, असं आपल्यापैकी अनेकांनी वाचलेलं आहे. आता तिथे 6 कोटी 60 लाख लिहितात. मग सीमा सरकली का? नाही. ती ट्युनिशियातल्या अल केफजवळ, प्राचीन समुद्राच्या गाळात, होती तिथेच आहे. चिकणमातीच्या थराच्या तळाशी गंजाच्या रंगाचा, काही मिलिमीटर जाडीचा पट्टा आहे. त्यात इरिडियम हे एरवी दुर्मीळ मूलद्रव्य एकाएकी वाढतं. त्या पट्ट्याचा तळ म्हणजे सीमा, हे 1991 मध्ये ठरलं. आधी खडकातला बिंदू ठरतो. वय नंतर मोजतात, आणि मोजणी सुधारली की आकडा बदलतो.

प्रत्येक कल्पाचा ठरवतात तो फक्त तळ. पुढच्या कल्पाचा तळ तोच मागच्याचा माथा, म्हणजे मध्ये फट राहत नाही. कँब्रियन, म्हणजे जिथून प्राण्यांचे जीवाश्म भरपूर मिळू लागतात तो कल्प, त्याच्या आधी मात्र उपयोगी जीवाश्म फार थोडे, म्हणून आर्कियन या पृथ्वीच्या फार जुन्या कालखंडाची अखेर सरळ 250 कोटी वर्षं या आकड्याने बांधली आहे.

बिंदू निवडताना चूकही होते. कँब्रियनचा तळ 1992 मध्ये न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्यून हेडला ठरला. खूण होती ट्रेप्टिक्नस पेडम, म्हणजे गाळात प्राण्यांनी कोरलेल्या बिळांची नक्षी, जिथे ती पहिल्यांदा दिसते ती पातळी. पुढे तीच नक्षी चार मीटरहून अधिक खाली सापडली! बिंदू हलवला नाही, आणि ते योग्यच झालं. नाहीतर जुने सगळे नकाशे पुन्हा तपासावे लागले असते. पण एकाच जीवाश्मावर भिस्त ठेवू नये, हा धडा मोठा आहे. सोबत खडकात टिकलेली चुंबकीय दिशा, कार्बनचे समस्थानिक (म्हणजे कमीजास्त वजनाचे कार्बनचे अणू), ज्वालामुखीची राख असा आधार हवा.

नावं बहुधा जागेची. ज्युरासिक हे ज्युरा पर्वतावरून. 2018 मध्ये तर आपल्या मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभावरून सुमारे 4200 वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाला 'मेघालयन' नाव मिळालं.

मग पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या काळ्या पाषाणात अशी खूण का नाही? तोही क्रिटेशसच्या अखेरीच्या सुमाराचाच. पण लाव्हाचा एक थर ओतला जातो, थिजतो, मग बराच काळ काहीच साचत नाही. समुद्री जीवाश्मही नाहीत, आणि खुणेला नोंद सलग लागते. तरी घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे दोन थरांमधला विटकरी लाल मातीचा पट्टा जरूर पाहा. अशा काही पट्ट्यांत राखेतून आलेले झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण मिळतात. त्यांतल्या युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून वय निघतं, आणि त्या वयाच्या धाग्याने सह्याद्रीचे थर अल केफच्या सीमेशी जोडून पाहता येतात.