आवाज फाटतो कुठे?

पुण्याच्या बुधवार पेठेतली ही तपकीर गल्ली. विजेच्या सामानाच्या दुकानांवरच्या मजल्यावर दुरुस्तीची एक छोटी खोली आहे आणि तिथल्या टेबलावर, बाजूचे झाकण काढलेला, एक जुना संगणक सुरू आहे. तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण स्वच्छ वाजते आहे. आता कारागीर त्याच संगणकाला एका लांबलचक व्हिडिओचे रूपांतर करायला लावतात. पडद्यावरील, प्रोसेसरवरचा भार दाखवणारे चारही आलेख शंभर टक्क्यांना भिडतात आणि षड्जाच्या सलग नादात आधी खरखर, मग तुटक फटफट ऐकू येऊ लागते.

अशा वेळी पुष्कळ जण आधी स्पीकर बदलतात. येथे हेडफोन लावला, तरी खरखर तशीच राहिली. तीच फाइल मोबाइलवर मात्र निर्मळ वाजली. दोष स्पीकरचाही नाही आणि ध्वनिमुद्रणाचाही नाही.

या यंत्रात साउंड कार्डाला दर सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापे, म्हणजे नमुने, लागतात आणि ते कार्ड कोणासाठी थांबत नाही. नमुने आधी बफरमध्ये साठतात. बफर ही गच्चीवरची टाकी मानली, तर खालचा नळ अखंड वाहत असतो आणि टाकी रिकामी होण्याआधी भरण्याचे काम प्रोसेसरचे असते. बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर त्यासाठी जेमतेम सव्वापाच मिलिसेकंद मिळतात. रूपांतराच्या कामात गुंतलेला प्रोसेसर तेवढ्यात आवाजाकडे वळला नाही, की नादाला खंड पडतो. यालाच अंडररन म्हणतात.

या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आणि तिच्यात आवाजाची ने-आण सांभाळणारी पाइपवायर ही प्रणाली आहे. पीडब्ल्यू-टॉप या आज्ञेने उघडलेल्या तक्त्यात चुकांचा एक रकाना असतो. खरखर झाली की तिथला आकडा पुढे सरकतो. हा रकाना प्रत्येकाने एकदा तरी पाहावा, कारण नवा संगणक घ्यायचा की नाही, हा प्रश्न पुष्कळदा इथेच सुटतो.

पहिला उपाय बफर वाढवण्याचा. १०२४ नमुने ठेवले, की सुमारे एकवीस मिलिसेकंदांची सवड मिळते आणि केवळ ऐकणाऱ्याला तो विलंब जाणवतही नाही. दुसरा उपाय अग्रक्रमाचा: रूपांतराला नाइस १९, म्हणजे सर्वांत खालचा क्रम, देऊन रांगेत शेवटी बसवायचे आणि आवाजाच्या कामाला रिअलटाइम, म्हणजे ठरल्या वेळी पाळी मिळण्याचा, अग्रक्रम द्यायचा. प्रोसेसर पूर्ण भरलेला असूनही आवाज सुधारतो, तो यामुळेच. अडचण भाराची नव्हती, पाळी उशिरा येण्याची होती. वर्षानुवर्षे स्वतंत्र पॅच (वरून जोडायचा बदल) म्हणून जोडावी लागणारी रिअलटाइम कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, सोय २०२४ च्या लिनक्स ६.१२ पासून मूळ कर्नलमध्येच आली आहे.

आता हीटसिंककडे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांकडे, पाहा. पात्यांच्या फटींत धुळीचा नमदा बसला आहे आणि खालची, प्रोसेसरची उष्णता पात्यांपर्यंत पोहोचवणारी थर्मल पेस्ट वाळून तडकली आहे. तापलेला प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग उतरवतो आणि आधीच अपुरा असलेला वेळ आणखी आक्रसतो. ब्रश, हवेचा फवारा आणि पेस्टचा नवा थर एवढ्यावर हे काम भागते. एवढेही न केल्याने चांगली यंत्रे भंगारात जातात.

रूपांतर पुन्हा सुरू केले आहे. चारही आलेख माथ्याला टेकलेले आहेत आणि चुकांचा आकडा जागेवर आहे. गायकाला हेडफोनमधून स्वतःचाच आवाज ऐकत गायचे असेल, तेव्हा मात्र बफर पुन्हा लहान करावा लागतो आणि तेवढा वेळ रूपांतर थांबवणेच योग्य.