तोंडात खर्रा, हातात स्क्रिप्ट

(नागपुरातल्या हौशी रंगकर्मींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, मला एकाग्रतेवर बोलायला सांगितलंय. त्यावर बोलणारे पुष्कळ भेटतील. मी खर्र्यावर बोलतो.

राज्य नाट्य स्पर्धेची तालीम आठवा. वेळ सातची, माणसं साडेसातला. अर्धा प्रवेश होतो न होतो तोच कोणीतरी म्हणतं, "चाल ना बावा, दोन मिनिटं." पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना पडतो आणि तो खर्रा घोटून होईपर्यंत आपण नाटकावर बोलत उभे. ती चर्चा तालमीपेक्षा रंगते, हीच तर गंमत आहे! बोलून बोलून काम झाल्यासारखं वाटतं. त्या ठेल्यावर मी तीन नाटकं रचली. कागदावर एकही उतरलं नाही.

वर मी सांगत फिरायचो, खर्र्याशिवाय सुचतच नाही. खरं म्हणजे निकोटिन उतरलं की चिडचिड होते, लक्ष उडतं. पुन्हा तोंडात टाकलं की ते जागेवर येतं. एवढंच. त्याला मी प्रतिभा समजत होतो.

मग एकदा सावजीचा झणझणीत रस्सा तोंडात धरवेना. आयुष्यभर खाल्लेला रस्सा! मी स्वयंपाक्याला बोल लावला. पुढे शिट्टी वाजेना, मग 'आ' लावताना जबडा मध्येच अडायला लागला. डॉक्टर म्हणाले, सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर ताठरतं, तोंड उघडणं कमी कमी होत जातं. सोडलं तर वाढ थांबू शकते. गेलेली लवचिकता बहुधा पूर्ण परत येत नाही. 'मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' म्हणणारेही इथे असतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. ठेले तुम्ही पाहताच.

चित्रकाराने स्वतःचे ब्रश चघळले तर आपण त्याला वेडा म्हणू. नटाचं तोंड म्हणजे दुसरं काय?

सोडताना पहिले तीन दिवस फार वाईट गेले. घरच्यांना विचारा. पण तलफेची एकेक लाट काही मिनिटांत ओसरते, हे तेव्हा कळलं. लाट आली की मी स्वगताचं एक पान मोठ्याने वाचायचो. तोंडात काही असलं की 'प' आणि 'फ' नीट निघत नाहीत, हे त्या वाचनात पहिल्यांदा कानावर आलं. दोनदा घसरलो, पुन्हा सुरुवात केली. एकट्याने जमत नसेल तर 1800-112-356 ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

मोबाइलबद्दल विचाराल, तर तालमीत तो पिशवीत टाका. त्यावर भाषण कशाला?

आता एक करा. तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. जातात? मागच्या रांगेत दोघं हसतायत. भाऊ, आधी तुम्हीच करून दाखवा.