निष्कर्ष कुठे लिहायचा?

[पडद्यावर : 'नेचर' नियतकालिकाचं जुनं पान]

25 एप्रिल 1953. 'नेचर'मध्ये जेमतेम पानभराचा एक लेख छापून आला. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी त्यात डीएनएची रचना मांडली होती. शोध एवढा मोठा, पण पहिल्याच वाक्यात ते म्हणतात, आम्ही एक रचना सुचवू इच्छितो. ही रचना स्वतःची नक्कल कशी करत असेल, याचा अंदाजही त्यांना आला होता. ते त्यांनी सांगितलं शेवटाकडे, एका वाक्यात. तेही 'आमच्या नजरेतून सुटलेलं नाही' अशा थाटात.

हा नुसता विनय नव्हे. विद्यापीठातल्या इंग्रजीत दावा पुराव्याच्या मापानेच बेतावा लागतो. वाचणारा त्या विषयातला जाणकार असतो आणि खोट काढणं हेच त्याचं काम असतं. म्हणून आधी इतरांनी काय केलं ते, मग पद्धत, मग निरीक्षणं, आणि निष्कर्ष सगळ्यात शेवटी. वाचक तिथवर पोहोचेल, असा भरवसा असतो. परीक्षक असेल तर पोहोचावंच लागतं.

[पडद्यावर : न वाचलेल्या मेलनी भरलेला इनबॉक्स]

नोकरीत हा भरवसा संपतो. इथल्या वाचकाला त्या विषयातलं आपल्यापेक्षा कमी माहीत असतं, वेळही कमी असतो, आणि तरी निर्णय त्यालाच घ्यायचा असतो.

समजा, एका पंपाची गळती तपासली. शोधनिबंधात येईल : 'तापमानासोबत सीलची (गळती रोखणाऱ्या कड्याची) झीज वाढत असावी, असं मर्यादित नमुन्यांवरून दिसतं. अधिक अभ्यासाची गरज आहे.' व्यवस्थापकाला मात्र असं लिहावं लागतं : 'सील बदलायला बुधवारी दोन तास पंप बंद ठेवण्याची परवानगी हवी. थांबलो तर गळती वाढण्याची शक्यता आहे. मोजमापं सोबत जोडली आहेत.' शंका दुसऱ्या मजकुरातही आहे, लपवलेली नाही. फक्त मागणी तिच्या आधी आली. आणि ते 'अधिक अभ्यासाची गरज'? निबंधात तो रिवाज. ऑफिसात त्याचा अर्थ लागतो, काम अर्धवट आहे.

शब्दांचा फरक आहेच. भाषेच्या अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय इंग्रजीतली 570 शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, वेगळी काढली. त्यांनी अभ्यासलेल्या शैक्षणिक मजकुरातले सुमारे 10 टक्के शब्द त्यांतलेच होते. पण यादी पाठ करता येते. सवयी मोडणं अवघड.

कर्मणी प्रयोगाचंच बघा. 'नमुने तापवले गेले' हे प्रयोगशाळेत चालतं. कोणी तापवले याला तिथे महत्त्व नसतं. 'अहवाल पाठवला जाईल' असं बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं, तर पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो : कोण पाठवणार होतं? तसंच 'मे', 'माइट', 'कुड' यांचं. निबंधात हे शब्द खात्री किती आहे ते सांगतात. ऑफिसात ते बरेचदा अदब सांभाळतात. 'हे आज बघता येईल का?' हा साहेबांचा प्रश्न बहुतेक वेळा प्रश्न नसतोच. नवा माणूस प्रामाणिकपणे 'आज जमणार नाही' म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा का बदलला, ते त्याला कळत नाही.

[पडद्यावर : टंकलिखित सरकारी टिपण]

9 ऑगस्ट 1940. ऐन युद्धात ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी सहकाऱ्यांना एक पानी टिपण पाठवलं. विषय : आटोपशीरपणा. मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडा, गुंतागुंतीचं विश्लेषण आणि आकडेवारी परिशिष्टात टाका, भरतीचे शब्दप्रयोग काढा. आजही ऑफिसात नव्या माणसाला याहून वेगळं फारसं सांगत नाहीत.

मात्र आटोपशीर म्हणजे सुरक्षित, असं नाही.

[पडद्यावर : कोलंबिया यानाचं उड्डाण]

16 जानेवारी 2003. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच इंधनटाकीवरच्या फोमच्या आवरणाचा एक तुकडा नासाच्या कोलंबिया अंतराळयानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नासाला स्लाइडवर विश्लेषण दिलं. एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत खरी गोष्ट होती : चाचणीतला तुकडा 3 घनइंच, आदळलेला 1,920. म्हणजे 640 पट. 1 फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले.

एका स्लाइडमुळे यान पडलं, असं म्हणणं फारच सोपं होईल. कारणं अनेक होती. पण चौकशी मंडळाने तांत्रिक निबंधांऐवजी स्लाइड वापरण्याच्या नासाच्या सवयीवर स्पष्ट बोट ठेवलं. मला तर त्या स्लाइडमध्ये दोन्हीकडचे दोष एकत्र झालेले दिसतात. महत्त्वाचं शेवटी ठेवलं, निबंधासारखं. आणि वाक्यं तोडली, ऑफिससारखी. निबंधात त्या 640 पटीला निदान एक परिच्छेद मिळाला असता.

पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकांमधून स्लाइड बंद केल्या. त्यांच्या जागी पूर्ण वाक्यांतलं, सलग युक्तिवाद मांडणारं टिपण आलं. ते फार तर सहा पानांचं. घाईतला वाचक ते आधी वाचून येईल, या भरवशावर मात्र कोणी राहिलं नाही. वाचायचा वेळ बैठकीतच धरला, आणि चर्चा त्यानंतर.